जर्नल लिहून आणा, सही देतो

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात डाईंग खात्यात काम करणाऱ्या माणसाला चाळिशीत रसायनशास्त्र शिकावेसे वाटले, तर त्याला पुस्तक मिळते, मोबाइलवर शिकवणारा मिळतो, परीक्षेचा अर्जही भरता येतो. मिळत नाही ती एक ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची नळी, आणि ती ज्या खोलीत ठेवलेली असते त्या खोलीची किल्ली.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ब्लीच करताना पेरॉक्साइडच्या पाण्यात कॉस्टिक घालायचे, रिॲक्टिव्ह रंग आधी मिठाच्या जोरावर सुतात शिरू द्यायचा आणि सोडा ॲश मागाहूनच सोडायचा, ब्लीचमधले पेरॉक्साइड नीट निघून गेले नसेल तर रंग चढवायचा नाही, कारण घाण्यावर घाणा फिका उतरतो, हे सगळे मला हातासरशी येते. ते तसे का घडते, हे मात्र मला कोणी शिकवलेले नाही. आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये बसायचे तर बी.एस्सी. रसायनशास्त्र लागते, बी.एस्सी.ला प्रवेश हवा तर विज्ञान शाखेतून बारावी लागते, आणि म्हणून बी.कॉम.चे प्रमाणपत्र पेटीत ठेवून मला पुन्हा बारावीच्या दारात उभे राहावे लागले. याबद्दल माझी तक्रार नाही. मोलची, म्हणजे पदार्थातले कण मोजण्याच्या एककाची, कल्पना पक्की नसलेल्या माणसाला लॅबमध्ये बसवू नये, हे मलाही पटते.

कागदावर तर आमच्यासारख्यांची मोठी सोय आहे. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले, १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले आणि त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय मुक्त विद्यालयही सुरू झाले. आज त्या मुक्त विद्यालयाच्या बारावीची नोंदणी पाच वर्षे टिकते, वर्षातून दोन वेळा परीक्षा होते आणि नऊ संधी मिळतात. नोकरी करणाऱ्या माणसाचा इतका विचार झालेला पाहून मन भरून येते, आणि मग तो माणूस प्रात्यक्षिकाचे विचारायला अभ्यासकेंद्रावर जातो.

माझी नोंदणी कोणत्या मंडळाची आणि केंद्र कोणते, हे मी इथे सांगणार नाही, कारण प्रात्यक्षिकाचे गुण अजून त्यांच्याच हातात आहेत. एवढे सांगतो की, प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक त्यांच्या नोटीस बोर्डावर लागते, गुरुवारी संध्याकाळी लागते, आणि सोमवार ते बुधवार सकाळी अकरा ते चार अशी वेळ त्यात असते. ही वेळ ज्याला जमते त्याला मुक्त शिक्षणाची गरजच काय, हा प्रश्न वेळापत्रक करणाऱ्याच्या डोक्यात एकदाही आला नसेल का? रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा उभ्याने टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्याची तीव्रता मोजण्याचा प्रयोग, करील, हे मी करूनही दाखवले असते. पण तीन दिवसांची रजा तीन दिवस आधी मागितली की सुपरवायझर पगार कापण्याची भाषा करतो, आणि तोही बिचारा चुकीचे काही बोलत नसतो. रविवारी प्रयोगशाळा उघडता येईल का, असे मी विचारले. रविवारी कॉलेजला सुट्टी असते, असे उत्तर मिळाले. रविवारी मलाही सुट्टी असते, म्हणूनच तर विचारतो आहे, हे सांगण्याआधी खिडकी बंद झाली.

यापुढे जे घडले, त्याने माझे डोके खरे फिरले. केंद्रावरच्या एका गृहस्थाने मला बाजूला घेतले आणि अत्यंत मायेने सांगितले, "काका, कशाला जिवाला त्रास करून घेता? प्रयोगांचे जर्नल बाहेर तयार मिळते, ते उतरवून आणा, सही देतो, वीस-बावीस गुण कुठे जात नाहीत." म्हणजे रविवारी दोन तास कुलूप काढणे नियमात बसत नाही, पण न केलेल्या प्रयोगाखाली 'प्रयोग केला' अशी सही करणे बसते! ज्याला कागदच हवा आहे त्याची इथे उत्तम व्यवस्था आहे, आणि ज्याला शिकायचे आहे तोच सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. राज्य मंडळाच्या बारावीत रसायनशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, ते काय सहीच्या वळणाला द्यायचे असतात?

मला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचे टायट्रेशन स्वतःच्या हाताने करायचे आहे. सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचे, जांभळे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे, आधीचे थेंब रंग हरवत जातात आणि मग एक थेंब असा पडतो की फिकी गुलाबी छटा जातच नाही. तो थेंब ओळखणे म्हणजे सगळा प्रयोग. उरलेले पेरॉक्साइड मोजायला आमच्या लॅबमध्ये हेच परमँगनेट वापरतात, आणि मी काचेच्या पलीकडून पाहत असतो. हे काम वहीत उतरवून हाताला येत नाही.

यावर सुशिक्षित मंडळींचे उपाय ठरलेले आहेत. पहिला उपाय म्हणजे संगणकावरची आभासी प्रयोगशाळा. ती मी वापरली आहे. लेखी भागासाठी एनसीईआरटीची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात, २०१७ पासून केंद्र सरकारचे स्वयम् हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे संकेतस्थळ आहे, हे सगळे चांगलेच आहे आणि त्यावर माझा अभ्यास चाललाही आहे. पण माउसने सोडलेला थेंब नेहमी जिथे पडायचा तिथेच पडतो. काचेच्या तोटीवर बोट जरा ढिले पडले की काय होते, हे पडदा शिकवत नाही. दुसरा उपाय म्हणजे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे. तो पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करत करत शिकला, मग तुम्हाला काय अडचण आहे, असे मला ऐकवले जाते. फॅरडे वाचून वाचून तयार झाला हे खरे, पण १८१३ मध्ये नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले, हे सांगायला ही मंडळी सोयीस्करपणे विसरतात. त्याला कोणी 'जर्नल लिहून आणा' म्हणून परत पाठवले नव्हते.

परीक्षांच्या हंगामाबद्दल फार बोलत नाही. एक एप्रिल-मेमध्ये, जेव्हा सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. दुसरी दिवाळीच्या आगेमागे, जेव्हा कारखान्यात ऑर्डरींची घाई असते. त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते आणि नेमके ज्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाने बाहेर असायला हवे त्याच दिवशी येते; पण तो आपल्या गावाचा जुना प्रश्न आहे, त्याचे खापर केंद्रावर फोडणार नाही.

गावात बारावी विज्ञानाच्या क्लासेसचे फलक चौकाचौकांत आहेत. एका क्लासमध्ये मी चौकशी केली, तेव्हा समोरच्या मुलीने मुलाचे नाव विचारले. शिकायचे मला आहे, असे म्हटल्यावर तिने नीटच्या बॅचचे माहितीपत्रक घडी घालून परत ठेवले. तिच्यावर मी रागावलो नाही. त्या बॅचमधली मुले दिवसभर क्लासमध्येच असतात, कॉलेजात त्यांची हजेरी लागते, आणि त्यांची जर्नलेही बहुधा माझ्यासाठी सुचवलेल्या वाटेनेच पूर्ण होतात. प्रयोगशाळा मग दिवसभर वापरते कोण, हे मला खरोखर कळत नाही. काचेची कपाटे मात्र स्वच्छ पुसलेली असतात.

शेवटी मी केंद्राला लेखी अर्ज दिला. माझ्यासारखे नोकरी करणारे आणखीही काही जण यादीत आहेत. महिन्यातल्या एका रविवारी प्रयोगशाळा उघडावी, प्रयोगशाळा सहायकाचे त्या दिवसाचे मानधन आणि रसायनांचा खर्च आम्ही वर्गणी काढून देऊ, फुटलेल्या काचेचे पैसेही देऊ, असे त्यात स्पष्ट लिहिले. उत्तर एका ओळीचे आले: अशी तरतूद नियमात नाही. मग प्रयोग न करता गुण देण्याची तरतूद कोणत्या नियमात आहे, असे विचारणारा दुसरा अर्ज मी आवक-जावकच्या खिडकीवर दिला आहे. त्याची पोच मागितली, तर शिक्का साहेबांच्या कपाटात आहे आणि साहेब सोमवारी अकरानंतर भेटतील, असे सांगण्यात आले.