सगळं खापर आभाळावर

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर ठराव पास झाला. कंपाउंडच्या कडेला उरलेली मातीची पट्टी काढून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे, म्हणजे दोन गाड्या जादा मावतील. आज दुपारी धो धो पाऊस झाला, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं, तर ठराव मांडणारे तेच गृहस्थ लिहितात, "काय करणार, क्लायमेट चेंज!" वर हात जोडलेला इमोजी.

तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझी मावशी पुण्यात अरण्येश्वरजवळ तळमजल्यावर राहते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडे पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा थेट तिच्या स्वयंपाकघरात आला. पाणी आधी मोरीतून वर आलं म्हणते. मग दार उघडेना. गव्हाची अर्धी रिकामी कोठी आडवी होऊन तरंगतेय, मावशी ओट्यावर पाय वर घेऊन बसलेली, आणि काका सिलिंडर कवटाळून उभे. मागच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी खिडकीचे गज वाकवून दोघांना काढलं. त्या पुरात पुण्यात नि आसपास वीसच्या वर माणसं गेली.

ओढा कुठून वाहतो हे कुणाला माहीत नव्हतं का? हो, पेशव्यांनीही तो वळवला होता. पण वळवला, गिळला नाही. आपण टेकडी फोडली, ओढ्याच्या पात्रात भिंती घातल्या, गल्लीबोळ काँक्रीटचे केले. आता पाण्याने जायचं कुठे, तुमच्या बेसमेंटमध्येच ना!

पाऊस बदललाय, ते मान्य. अरबी समुद्र तापलाय, हवा एका अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग महिन्याचा पाऊस एका संध्याकाळी अंगावर येतो. पण म्हणून तर माती जास्त हवी ना? पाऊस वाढणार हे ठाऊक असताना जमीन बुजवायची, वर हात जोडायचे!

25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून 35 हजार क्युसेक सोडलं. सिंहगड रोडला एकतानगरीतल्या लोकांना जाग आली तेव्हा खाली पार्किंगमधल्या गाड्या बुडालेल्या. तिथेही हेच ऐकलं. अहो, धरणाचे दरवाजे क्लायमेट उघडत नाही!

पार्किंगचा प्रश्न आहे, नाही कसा. मीही गाडी गल्लीत लावते.

मावशी मात्र कुणाला नावं ठेवत नाही. दरवर्षी मृग लागायच्या बेताला ती आधार कार्ड, पासबुक आणि काकांच्या गोळ्यांची चिठ्ठी दुधाच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकते. फ्रिज तर बारा महिने विटांवरच असतो. 2025 ला मान्सून 26 मेलाच पुण्यात आला तेव्हा पिशवी अजून कपाटातच होती. मला फोन करून म्हणाली, "अगं, या वेळी मला कुणी सांगितलंच नाही." एवढं लाजून, जणू चूक तिचीच.

असो. ठरावाला माझा लेखी विरोध उद्या जाईल, भांडण झालं तर होऊ दे. आणि सहकारनगर, पद्मावतीकडे पहिल्या मजल्यावरचा वन आरके भाड्याने कुणाच्या माहितीत असेल तर इनबॉक्स करा. लिफ्ट नसली तरी चालेल, काकांचे गुडघे अजून बरे आहेत. मावशी घर सोडायला तयार नाही, तिचं मी बघते.