गोव्यात पाईप गोठत नाहीत, एवढंच त्या संदेशात खरं आहे

मे महिना लागला की आमच्या वाड्याच्या व्हॉट्सअॅप गटावर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला चार जणांकडून आला, त्यातल्या दोघांच्या घरी विहीर आहे, म्हणून उत्तर लिहायला बसले. संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. घरातले नळ, पाईप, टाक्या दर हंगामात तपासणं हे थंड देशांतलं काम, तिथे पाईपात पाणी गोठतं. गोव्यात त्याची गरज नाही. पीव्हीसी पाईप गंजत नाही, एकदा घातला की जन्माचा. टाकी आणि विहीर पावसात आपसूक स्वच्छ होतात, फार तर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावी. सेप्टिक टँकमध्ये यीस्ट आणि गूळ घातला की तो कधीच उपसावा लागत नाही. आणि गळती दिसेल तेव्हा प्लंबर बोलवावा, आधीच कशाला खर्च?

गोव्यात पाणी गोठत नाही, हे मान्य. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाईप फोडतं, म्हणून थंड देशांत हिवाळ्याआधी बाहेरच्या नळांतलं पाणी काढून ठेवतात. आपला हंगाम मिरगाला सुरू होतो. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर १०० चौरस मीटरचं असेल आणि दिवसभरात १०० मिलिमीटर पडला, तर १०,००० लिटर पाणी पन्हळीतून खाली उतरायला हवं. पन्हळीच्या तोंडाशी आंब्याचा पातेरा अडकलेला असेल तर ते भिंतीत मुरतं.

आणि हे परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच आज्यांना विचारावं. माझ्या आजोळी, सत्तरी तालुक्यात, वैशाखात कौलं शाकारायची, विहीर उपसून तळाचा गाळ काढायचा, कुळागराचे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचे, पाट साफ करायचे. मिरगाच्या आत हे उरकलंच पाहिजे, असा दंडक होता. घरावर स्लॅब आला, भिंतीत पाईप गेले आणि आता दिसतच नाही तर बघायचं काय, असं आपल्याला वाटू लागलं.

पीव्हीसी गंजत नाही, हेही खरं. पण घराचं नळकाम म्हणजे नुसता पाईप नव्हे. क्लॅम्प, स्क्रू, मोटरचे बोल्ट लोखंडाचे असतात आणि समुद्राकाठच्या गावांत खारा वारा त्यांना दोन-तीन वर्षांत खातो. जुन्या घरांत अजून जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपाचे, तुकडे आहेत, ते आतून गंजून अर्धे बुजलेले असतात. शिवाय पीव्हीसीला ऊन सोसत नाही. गच्चीवर उघडा पडलेला पाईप काही वर्षांनी फिकट होतो, ठिसूळ होतो आणि नारळाची झावळी पडली की तडकतो. तो उन्हाने वाढतोही. दहा मीटरचा पाईप ३० अंशांनी जास्त तापला की सुमारे दोन सेंटीमीटर लांब होतो. क्लॅम्प आवळून घट्ट बसवले असतील तर हा सगळा ताण जॉइंटवर येतो. म्हणून एप्रिल-मेत गच्चीवर जाऊन एकेका एल्बोवरून, म्हणजे वळणाच्या जोडावरून, हात फिरवायचा, ओल लागते का बघायची. पाईपांना रंग देणं किंवा त्यांच्यावर आडोसा करणं फार महाग पडत नाही.

तिसरा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो पिण्याच्या पाण्याशी खेळतो.

आधी नळाचं पाणी घेऊ. ओपाचं असो, अस्नोड्याचं असो की साळावलीचं, जलशुद्धीकरण प्रकल्पातून ते गाळून आणि क्लोरीन घालूनच निघतं. पण बऱ्याच गावांत नळाला ठरावीक वेळच पाणी येतं. पुरवठा बंद झाला की उतारावरचा पाईप रिकामा होतो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. जमिनीखालचा एखादा जॉइंट सैल असेल तर उन्हाळ्यात तिथून थोडं पाणी बाहेर जातं, आणि पावसाळ्यात आजूबाजूच्या चिखलाचं पाणी आत ओढलं जातं. तो पाईप गटाराच्या कडेने गेलेला असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. मीटरपासून टाकीपर्यंतचा हा तुकडा आपल्या जबाबदारीचा असतो आणि तोच कुणी बघत नाही.

टाकी पावसाने धुतली जाते म्हणजे काय, हे मला खरंच समजलेलं नाही. पावसाचं पाणी टाकीत जात असेल तर तिचं झाकण नीट नाही. तळाला बसलेला बारीक गाळ रिकामी करून घासल्याशिवाय निघत नाही. आणि झाकण नीट नसेल तर डास. गोव्याच्या शहरी भागात मलेरिया पसरवणारा अॅनोफिलीस स्टीफेन्सी हा डास गटारात नव्हे, टाक्या, विहिरी आणि बांधकामावर साठवलेलं पाणी अशा ठिकाणी अंडी घालतो. डेंग्यूचा एडिसही साठवलेल्या स्वच्छ पाण्यातला. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ओव्हरफ्लोच्या पाईपाला बारीक जाळी बांधणं हे दहा मिनिटांचं काम, पण त्या उघड्या तोंडाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

विहिरीचं गणित वेगळं आहे. पावसाळ्यात विहीर भरते ती फक्त आभाळातून नाही, जमिनीतूनही. आपला जांभा दगड सच्छिद्र, त्यातून पाणी झपाट्याने वाहतं आणि शोषखड्ड्यातलं, म्हणजे सेप्टिक टँकचं पाणी जिथे जमिनीत मुरतं त्या खड्ड्यातलं, पाणीही त्याच वाटेने येतं. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर लांब हवा. आपल्या दाट वस्तीच्या वाड्यांवर किती ठिकाणी तेवढं अंतर आहे? शेजाऱ्याचा खड्डाही मोजायचा, नुसता आपला नाही. अंतर कमी असेल तर पावसाळाभर पाणी उकळूनच प्यावं.

ब्लीचिंग पावडर उपयोगी आहे, पण मूठभर टाकली आणि झालं असं नाही. चांगल्या पावडरचं रोजचं प्रमाण १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर होतं, म्हणजे पावडर ७० ग्रॅम. ती बादलीत कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळायचं आणि निदान तासभर पाणी वापरायचं नाही. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं आणि जंतू शाबूत राहतात. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर तर निकामीच होते. म्हणून आधी गाळ, मग पावडर. आजोळी विहीर मेमध्ये उपसायचे ते तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं म्हणून. जुलैत ते काम कुणालाच जमायचं नाही.

यीस्ट आणि गुळाबद्दल. सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवणारे जिवाणू मैल्याबरोबरच येतात, त्यांना बाहेरून पाहुणे लागत नाहीत. कुजून झाल्यावरही जो गाळ उरतो, तो कोणत्याही पावडरने नाहीसा होत नाही. तो साठत जातो, टाकीतली जागा खातो आणि मग घाण पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रं बुजवतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टँक उपसावाच लागतो, आणि तो मेमध्ये. तीन वर्षांपूर्वी आम्ही दिवाळीनंतर बघू म्हणून टाळलं. जुलैत जमिनीतलं पाणी वर आलं, शोषखड्डा पाणी घेईना आणि एका पहाटे नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघरातल्या मोरीच्या जाळीतून, काळं पाणी वर आलं. घरात अंथरुणाला खिळलेली सासू. त्या पावसात टँकरवाला चिखलातून आत येऊ शकला नाही. पाणी वर आलेल्या जमिनीत टाकी पूर्ण रिकामी करणंही धोक्याचं. प्लास्टिकची हलकी टाकी असेल तर ती वर उचलली जाते.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगते. टँकमध्ये माणूस उतरवू नका, घरचाही नको आणि रोजंदारीवरचाही नको. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरणाराही. मैल्यात माणूस उतरवण्याची धोकादायक पद्धत २०१३च्या कायद्याने बंद केली आहे. पंप लावलेला टँकरच बोलवा.

राहिला शेवटचा दावा, गळेल तेव्हा बघू. थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली लिटरचा तांब्या ठेवून बघा. दोन तासांत भरला तर दिवसाला १२ लिटर आणि वर्षाला चार हजारांवर गेले. ते निदान दिसतं तरी. न दिसणारी गळती शोधायला नळाला पाणी असण्याच्या वेळात सगळे नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास मीटरचा काटा बघायचा. तो हलला तर जमिनीत पाणी जातंय. पाऊस लागल्यावर ती नेमकी कुठे गळते ते ओळखायला मार्गच उरत नाही, सगळंच ओलं असतं. आणि जूनमध्ये प्लंबर मिळणं किती कठीण, हे गोव्यात राहणाऱ्या कुणाला सांगायला नको.

ज्यांची घरं चवथीपुरती उघडतात त्यांच्यासाठी एवढंच: निघताना मेन व्हॉल्व्ह बंद करा आणि प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल सोडा. ट्रॅपमध्ये जेमतेम पाच सेंटीमीटर पाणी वास आणि झुरळं अडवून धरतं, तेल असलं की ते सावकाश सुकतं.

आम्ही यंदा गेल्या रविवारी घर तपासलं. ओव्हरफ्लोची जाळी फाटली होती, टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या बॉल कॉकचं वॉशर झिजलं होतं, मागच्या सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण चिरलं होतं. पहिल्या दोन गोष्टी दुपारपर्यंत झाल्या. चेंबरचं झाकण गुरुवारी येतंय, तोवर त्यावर चिरे ठेवून पत्रा दाबला आहे. नवरात्रात, पाऊस ओसरल्यावर, पुन्हा एकदा सगळं बघू, कारण पावसाने काय खिळखिळं केलं ते तेव्हाच दिसतं.