लिंबू पिळून काय होतंय!

माशाच्या तुकड्यांना हळद-मीठ लावायच्या बेतात असताना ताटात काहीतरी वळवळतं. मग घरात कोळणीचा उद्धार सुरू होतो. मी तिची बाजू घेतो. तिने काही घातलेलं नसतं. हा परजीवी जंत समुद्रातच आधी कोळंबीच्या बारक्या भाऊबंदांत शिरतो, ते माशाने गिळले की माशात. कल्ले लाल आणि डोळे टपोरे बघून घेतलेल्या माशातही तो असतो.

आधी ओळख परेड. आतड्यावर किंवा काळजावर डासांच्या अगरबत्तीसारखं पांढरट वेटोळं, सोडवलं तर दोन-तीन सेंटीमीटर, म्हणजे ॲनिसाकिस नावाचा जंत. त्याला जायचं असतं डॉल्फिनच्या नाहीतर देवमाशाच्या पोटात. वयात येतो तो तिथेच. सुरमईच्या पोटातल्या शेपटीवाल्या पांढऱ्या पुटकुळ्या म्हणजे फीतकृमीच्या अळ्या. चार काटेरी सोंडा आत ओढून, मुशी किंवा पाकट आपल्याला कधी गिळतंय याची वाट बघत बसलेल्या. मुशीऐवजी आपण गिळलं तर आयुष्याचं मातेरं त्यांचं होतं. हेकरूच्या गाबोळीतला लाल दोरा ही बहुधा फिलोमेट्रा नावाच्या जंताची मादी. पुष्कळ लोक तिला शीर समजून तळतात आणि तारीफही करतात.

चिंता करायची ती ॲनिसाकिसची. कच्चा पोटात गेला तर काही तासांत असह्य कळा येतात, आणि दुर्बीण घालून त्याला चिमट्याने ओढून काढावं लागतं. लिंबू, व्हिनेगर, हळद, मीठ यांवर भिस्त ठेवू नका. देवमाशाच्या जठरात संसार थाटायला निघालेल्याला तुमच्या अर्ध्या लिंबाचं काय! कच्चे हेरिंग मासे आवडीने खाणाऱ्या नेदरलँड्सने 1968 मध्ये ते आधी गोठवायची सक्तीच केली.

मासा आणल्या आणल्या पोट साफ करा. मासा मेल्यावर हे महाशय आतड्यातून मांसात सरकू लागतात, म्हणून 'संध्याकाळी करू' म्हणून तसाच ठेवलेला बांगडा महागात पडतो. पोटाकडचं पातळ मांस उजेडासमोर धरून बघा. वेटोळं सुरीच्या टोकाने निघतं. जाड तुकडीतलं मात्र दिसत नाही, तिथे आचच कामाची. तुकडीच्या मध्यभागी 60 अंश सेल्सिअस, किमान एक मिनिट. रवा खरपूस झाला म्हणजे आतलं शिजलं असं नव्हे. दोन सेंटीमीटरची तुकडी मंद आचेवर झाकण ठेवून आधी शिजवा, कुरकुरीतपणा नंतर. काट्यालगतचं मांस पांढरं होऊन सुटलं की झालं. मायक्रोवेव्ह मात्र मध्येच एखादा कोपरा थंड सोडतो.

गोठवायचं तर सगळा मासा आतपर्यंत उणे 20 अंशांवर 24 तास हवा. घरचा फ्रीजर बर्फासाठी दिवसातून दहा वेळा उघडतो, त्यामुळे आठवडाभर ठेवा, आणि तरी तो मासा कच्चा खायला काढू नका.

उरला प्रश्न पाहुण्यांना सांगायचं का. शिजून मेलेल्या ॲनिसाकिसचीही काहींना ॲलर्जी येते. मासे खाल्ल्यावर ज्याच्या अंगावर पित्त उठतं त्याला आधीच सांगा. बाकीच्यांना गरम असताना दुसरी तुकडी वाढा.