नंबर जुळत नाही म्हणून ९९२ नाकारणाऱ्या दादासाठी

गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या आतेभावाने एक फॉरवर्ड पाठवला, "अस्सल अमेरिकन रेल्वे घड्याळ कसं ओळखाल", म्हणजे रेल्वेच्या ड्रायव्हर-गार्डांचं खिशातलं घड्याळ. तुमच्याकडेही येऊन गेला असेल, मला तर तो आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलाय. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: मागच्या झाकणावर इंजिन कोरलेलं हवं, डबीचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, आणि आतल्या मशीनचा नंबर एकच हवा, रेल्वे कंपनी ही घड्याळं कामगारांना फुकट द्यायची म्हणून त्यावर रेल्वेचं नाव हवं, ज्वेल, म्हणजे मशीन झिजू नये म्हणून बसवलेले खडे, जितके जास्त तितकं घड्याळ भारी, आणि हे सगळं १८९१ च्या अपघातानंतर अमेरिकन सरकारने कायदा करून ठरवलं. आता मी राहतो पेनसिल्व्हेनियात, शनिवार उजाडला की जुना बाजार पालथा घालायचा हा माझा उद्योग, आणि दादाने सांगून ठेवलं होतं म्हणून त्याच्यासाठी हॅमिल्टन कंपनीचं ९९२ नंबरच्या मॉडेलचं एक छान रेल्वे घड्याळ हेरून घेतलं, फोटो पाठवले, तर साहेबांचं उत्तर: "खोटं आहे रे. नंबर जुळत नाहीत. इंजिनपण नाही." म्हणून हा सगळा प्रपंच.

नंबरापासून सुरू करतो, कारण माझं घोडं तिथेच अडलंय. अमेरिकेत त्या काळी मशीन बनवणारी कंपनी वेगळी आणि डबी बनवणारी वेगळी असायची. मशीन वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन, इलिनॉय यांची, आणि डब्या कीस्टोन, क्रेसेंट, फिलाडेल्फिया, ड्युबर अशा नावांच्या. गिऱ्हाईक सराफाच्या दुकानात जायचं, ट्रेमधलं मशीन निवडायचं, मग खिशाला परवडेल ती डबी निवडायचं, निकेलची, सोन्याचा पत्रा चढवलेली किंवा अस्सल सोन्याची, आणि सराफ तिथेच दोन स्क्रू पिळून मशीन डबीत बसवून द्यायचा. मापं ठरलेली होती, १६ साइज म्हणजे मशीन १.७ इंचांचं, १८ साइज त्याहून जरासं मोठं, त्यामुळे कोणाचंही मशीन कोणाच्याही डबीत बसायचं. मग नंबर जुळणार कसे? डबीवाल्याने आपला नंबर मारला, मशीनवाल्याने आपला, दोघांची एकमेकांशी ओळखही नाही. १९२० नंतर हॅमिल्टन, इलिनॉय वगैरे मंडळी कारखान्यातूनच डबीत घालून घड्याळं विकायला लागली, पण तेव्हाही डबीचा नंबर वेगळाच. गंमत म्हणजे इलिनॉय वॉच केस कंपनी नावाची एक डबीवाली कंपनी होती आणि तिचा इलिनॉय वॉच कंपनीशी काडीचा संबंध नव्हता, ती होती एल्जिन गावात! म्हणजे डबीवर इलिनॉय वाचून आत इलिनॉयचंच मशीन असेल असं धरून चालणारा हमखास फसतो.

मशीन मागाहून दुसऱ्या डबीत घातलंय का हे बघायचंच असेल तर नंबर सोडा आणि डबीच्या आतली कड बघा. मशीन धरून ठेवणाऱ्या स्क्रूचं डोकं तिथे दाबून दाबून अर्धगोल ओरखडा पाडतं. ओरखडे आत्ताच्या स्क्रूपाशीच असतील तर ठीक, पण भलत्याच जागी आणखी एक जोडी दिसली तर समजायचं की या डबीत आधी दुसरं कोणीतरी राहून गेलंय. भिंग लागतं, दोन मिनिटं लागतात, फॉरवर्ड वाचण्यापेक्षा कमी.

आता इंजिन. इथे मी स्वतः १४० डॉलरची शाळा शिकलोय, त्यामुळे जरा तोंड सांभाळून बोलतो. सुरुवातीच्या वर्षात एका विक्रेत्याकडे मागे धूर सोडणारं झक्कास इंजिन कोरलेलं घड्याळ दिसलं आणि मी पाघळलो. घरी येऊन मागचं झाकण फिरवून काढलं तर आतल्या प्लेटवर अजून एक इंजिन, खाली ठळक "२३ ज्वेल्स", "अ‍ॅडजस्टेड", म्हणजे वेळ नीट जुळवलेलं, आणि बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. काटे फिरवायला चावीचा खुंटा ओढला की काम झालं, लिव्हर बिव्हर काही नाही. स्वस्तातलं स्विस मशीन, अमेरिकन दिसावं म्हणून नटवलेलं. असा माल तेव्हाही ढिगाने विकला जायचा, कारण रेल्वेवाल्याचं घड्याळ म्हणजे बिनचूक घड्याळ अशी ख्याती होती आणि शेतकऱ्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांनाच तसं दिसणारं हवं असायचं. इंजिनाची डबी कोणालाही मिळायची. खुद्द ड्रायव्हर आणि गार्ड लोकांच्या खिशात बहुतेक वेळा साधी, मागे गुळगुळीत, मळखाऊ डबी असायची. दिवसभर कोळशात काम करणारा माणूस नक्षी कशाला घेईल?

लिव्हरचं म्हणाल तर ती खरी रेल्वेची खूण. काचेची पुढची रिंग फिरवून काढायची, डायलच्या कडेला नखाएवढी पट्टी असते ती बाहेर ओढायची, मग चावीने काटे फिरवायचे, पट्टी आत ढकलायची, रिंग परत लावायची. एवढा कुटाणा कशासाठी, तर खिशातून घड्याळ काढताना खुंटा चुकून ओढला जाऊन काटे हलू नयेत म्हणून. अर्थात लिव्हर दिसली म्हणजे रेल्वेचंच असंही नाही, साध्या घड्याळांतही ती असायची. पण १९१०-२० च्या सुमारचं घड्याळ "रेल्वेचं" म्हणून विकतायत आणि लिव्हर नाही, तर मी तरी पाकीट काढत नाही.

"कंपनी फुकट द्यायची" हे वाचून हसू आलं. बहुतेक रेल्वेंवर घड्याळ कामगाराने स्वतःच्या पैशाने घ्यायचं, बऱ्याचदा हप्त्यावर, वर दर पंधरवड्याला नेमलेल्या घड्याळजीकडे जाऊन कार्डावर किती सेकंद पुढे किती मागे याची नोंद करून घ्यायची. आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त चूक चालत नसे. त्यामुळे रेल्वेचं नाव नसलेली अस्सल घड्याळंच जास्त. आणि मशीनवर जी नावं असतात त्यांचाही लोक भलताच अर्थ लावतात. "बी. डब्ल्यू. रेमंड" वाचून एका गृहस्थांनी मला विचारलेलं की हा ड्रायव्हर कोणत्या लाइनवर होता! अहो, तो एल्जिन कंपनीचा पहिला अध्यक्ष, शिकागोचा माजी महापौर. एल्जिनचं १८६७ चं पहिलं मशीन त्याच्याच नावाचं, किल्लीने चावी द्यायचं, आणि तेच नाव पुढे विसाव्या शतकातल्या २१ ज्वेलच्या मशीनवरही आहे, म्हणजे नुसत्या नावावरून दर्जा ठरत नाही. इलिनॉयच्या "बन स्पेशल" या मशीनमधला बन हासुद्धा इलिनॉय कंपनीवालाच, जेकब बन. आणि "बॉल" लिहिलेलं मशीन तर बॉलने बनवलेलंच नसतं, क्लीव्हलंडचे वेब बॉल सराफ होते, ते हॅमिल्टन, वॉल्थम वगैरेंकडून बनवून घेऊन आपलं नाव घालायचे.

"नुसतं अ‍ॅडजस्टेड लिहिलं असेल तर नकली" असंही त्या फॉरवर्डमध्ये शेवटी घुसडलंय. माझ्या इंजिनवाल्यावर तसंच होतं हे खरं, पण जुन्या चांगल्या मशीनवरही पुष्कळदा तेवढंच असतं. "५ पोझिशन्स", म्हणजे आडवं, उभं असं पाच प्रकारे ठेवून वेळ जुळवलेलं, हे सविस्तर कोरायची पद्धत हळूहळू रुळली. त्यामुळे शिक्क्याचे शब्द वाचताना आधी नंबरावरून मशीनचं साल काढा. एकाच ग्रेडच्या शिक्क्यांत वर्षागणिक फरक पडतो, इलिनॉयच्या एका चावीत ६० तास चालणाऱ्या बन स्पेशलमध्ये १६१ आणि १६१ए असा एका अक्षराचा फरक असतो, पण ए असला तर हेअरस्प्रिंग, म्हणजे आतली केसासारखी बारीक स्प्रिंग, एलिनव्हार नावाच्या मिश्रधातूची, थंडी-उन्हाने फारशी न बिघडणारी. नवशिक्याला हे ए दिसतही नाही.

ज्वेलचं पटकन उरकतो. ७ असले तर बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झोके घेणारं चाक, आणि त्याच्या आजूबाजूला, १५ आणि १७ मध्ये चाकांच्या दांड्यांनाही, २१ मध्ये वरून टोप्यांसारखे खडे, २३ मध्ये सहसा मुख्य स्प्रिंग ज्यात असते त्या बॅरलला दोन जास्त. सुरुवातीला तरी बऱ्याच रेल्वेंना १७ पुरायचे. ते खडे काढून विकायला गेलात तर वडापावचे पैसे सुटणार नाहीत.

राहिला कायदा. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टनला मेल गाडी आणि पॅसेंजर गाडीची टक्कर झाली, एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून परत चालू झालं होतं अशी कथा सांगतात, आणि त्यानंतर त्या रेल्वेने वेब बॉलना तपासणीला नेमलं. नेमलं रेल्वेने, सरकारने नाही. नियम प्रत्येक रेल्वेचे आपापले, मान्य घड्याळांच्या याद्याही आपापल्या आणि वेळोवेळी बदलणाऱ्या. देशाच्या वेळेचे पट्टेसुद्धा रेल्वेंनीच १८ नोव्हेंबर १८८३ ला पाडले, सरकारचा कायदा आला १९१८ मध्ये.

दादाला हे सगळं पाठवलंय. त्याने अंगठा दाखवला आणि विचारलं, "मग इंजिनवालं मिळेल का कुठे?" मिळेल ना, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, १४० डॉलरचं, दिवसाला पाच मिनिटं मागे पडतं. ९९२ मी ठेवतोय.