नकार द्या, पण तिला वाऱ्यावर सोडू नका

सविता हलप्पनवार बेळगावची होती. आयर्लंडमध्ये रस्त्यावरच्या माणसालाही तिचं नाव ठाऊक आहे. बेळगावात मेडिकलला असलेल्या मुलामुलींना मात्र तिची गोष्ट मला सांगावी लागते. ऑक्टोबर 2012 मध्ये ती गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा तिला सतरावा आठवडा चालू होता. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने गर्भपात करा म्हणून विनवलं. गर्भाचे ठोके चालू आहेत, इथला कायदा परवानगी देत नाही, असं उत्तर मिळालं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि 28 ऑक्टोबरला ती गेली. वय 31, स्वतः दातांची डॉक्टर.

त्यानंतर आयर्लंड हा देश तिच्या नावाने ढवळून निघाला. 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी 1983 साली राज्यघटनेत घातलेली गर्भपातबंदी काढून टाकायचा कौल दिला. मतदानाआधी तिच्या वडिलांनी बेळगावातून आवाहन केलं होतं. डब्लिनमधल्या तिच्या भित्तिचित्रावर लोकांनी माफी मागणाऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. 1 जानेवारी 2019 पासून इथे गर्भपाताची सेवा सुरू झाली.

मी खानापूर तालुक्यातली. एमबीबीएस तिकडेच झालं, आता आयर्लंडच्या पश्चिम भागात फॅमिली डॉक्टर आहे आणि गर्भपाताच्या गोळ्या माझ्या दवाखान्यात देते. भाची बेळगावात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, मला गायनॅकच घ्यायचंय. फक्त एमटीपी नको. असली कामं माझ्या हातून नकोत." एमटीपी म्हणजे डॉक्टरने कायद्यानुसार केलेला गर्भपात. मुलगी हुशार आहे, मायाळूही आहे. म्हणूनच ते वाक्य मनात रुतून बसलं.

असं म्हणणारी ती एकटी नाही. शेजारच्या महाराष्ट्रात इंटर्नशिप करणाऱ्या सुमारे दोन हजार भावी डॉक्टरांचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. असुरक्षित गर्भपात हा देशातला गंभीर प्रश्न आहे, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना मान्य होतं. तरी जवळपास एक चतुर्थांश जणांना गर्भपात नैतिकदृष्ट्या चूक वाटत होता. अविवाहित मुलीने तो करून घेणं एक पंचमांशांना पटत नव्हतं. आणि बाईला नवऱ्याची किंवा जोडीदाराची परवानगी लागते, असं एक चतुर्थांश जण धरून चालले होते. या कामाचा प्रत्यक्ष अनुभव होता फक्त 13 टक्क्यांना. मला सगळ्यात जास्त खुपला तो हा शेवटचा आकडा. जे काम कधी डोळ्यांनी पाहिलंच नाही, त्याबद्दलचं मत घरातून आणि नातेवाइकांच्या कुजबुजीतून तयार होतं. मग पदवी मिळाली की तेच मत डॉक्टरचं मत म्हणून बाईच्या वाट्याला येतं.

शिकत असतानाचा ओपीडीतला एक प्रसंग सांगते. नंदगडकडची एक बाई आली होती. दोन लेकरं, नवरा गोव्याला कामाला. "दिवस गेल्यात बाई, आता नको हाय," एवढंच ती हळू आवाजात म्हणाली. आम्ही दहा-बारा विद्यार्थी भोवती उभे. मॅडमनी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "नवरा कुठाय? सासूला माहीत आहे का?" पुढे सरकवलेला फॉर्म कन्नडमध्ये होता आणि ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने अंगठ्याच्या नखाने कागदाची कड सरळ केली आणि खाली ठेवली. नवऱ्याला घेऊन सोमवारी ये, असं सांगून तिला पाठवलं. सोमवारी ती आली नाही. आम्ही त्या दिवशी वहीत एमटीपीचे निकष उतरवून घेत होतो.

बाई अठरा वर्षांवरची असेल तर कायद्याला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. 1971 च्या कायद्यातच हे आहे. 2021 च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं केलं, काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली आणि तिचं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा ठरवला. 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाने अविवाहित स्त्रीलाही तोच हक्क असल्याचं सांगितलं. आयर्लंडमध्ये आजही मागणीवरून गर्भपात होतो तो बारा आठवड्यांपर्यंतच, आणि मध्ये तीन दिवस थांबावं लागतं. कागदावर आपला कायदा इथल्यापेक्षा ऐसपैस आहे. सविता कायद्याने अडवली होती. नंदगडची ती बाई अडली ती डॉक्टरच्या टेबलाशी.

मग डॉक्टरच्या सदसद्विवेकाचं काय? ज्याला मनापासून हे पटत नाही त्याच्यावर सक्ती करावी, असं माझं म्हणणं नाही. इथेही 2018 च्या डिसेंबरमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या सभेतून काही जण रागाने उठून गेले होते. पण इथल्या कायद्यात नकार देण्याची मुभा आहे, तशीच एक अटही आहे: नकार देणाऱ्याने बाईला लवकरात लवकर दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवायची व्यवस्था केली पाहिजे. माझ्या शेजारच्या गावात एक वयस्कर डॉक्टर आहेत, दर रविवारी चर्चला जाणारे. ते या गोळ्या देत नाहीत. पण बाई आली की तिच्यासमोरच आमच्याकडे फोन लावतात, वेळ ठरवतात, आणि बसचं तिला जमेल का तेही विचारतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आपल्या एमटीपी कायद्यात नकाराबद्दल कलमच नाही. त्यामुळे नकार दबक्या आवाजात चालतो: नवऱ्याला आणा, सोनोग्राफी करून या, पुढच्या आठवड्यात बघू. त्यात आठवडे उलटतात.

आठवडे उलटले की बाई मेडिकलच्या दुकानात जाते. निपाणीची बाई निपाणीत जात नाही, कोणी ओळखेल म्हणून कोल्हापूर गाठते. अथणी-कागवाडकडची मिरजेला जाते. पाच गोळ्यांचं किट मिळतं. कधी घ्यायच्या, रक्तस्राव किती झाला तर दवाखाना गाठायचा, हे सांगणारं कोणी नसतं. 2015 साली देशात अंदाजे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यातले 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासाने 2018 मध्ये मांडला. त्या किटमधल्या चार गोळ्या मिसोप्रोस्टॉलच्या. हेच औषध बाळंतपणानंतरचा अति रक्तस्राव टाळायला किती उपयोगी पडतं, हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बायकांवर तपासलं गेलं. गावातल्या नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि अति रक्तस्राव झालेल्या बायकांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. 2006 मध्ये हे जगापुढे मांडणाऱ्यांत बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर होते. ज्या जिल्ह्याने जगाला हे औषध वापरायला शिकवलं, तिथल्याच विद्यार्थ्याला त्या औषधाचा दुसरा उपयोग पुटपुटत सांगावा लागतो, याचा मला राग येतो.

भाचीचं दुसरं म्हणणं होतं, "मावशी, म्हैसाळ विसरलीस का?" विसरले नाही. मार्च 2017 मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळला ओढ्याकाठी 19 भ्रूण सापडले, तपासाचे धागे आपल्या कागवाडपर्यंत आले. 2022 मध्ये मुडलगीत बाटल्यांत भरलेले सात भ्रूण मिळाले. मुलगी नको म्हणून पोट पाडणं हा गुन्हा आहे आणि ते रोखायला गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा 1994 चा वेगळा कायदा आहे. पण सातव्या आठवड्यात आलेल्या बाईच्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही. म्हैसाळच्या भीतीने तिला परत पाठवलं, तर एकही मुलगी वाचत नाही. उलट, शिकलेले डॉक्टर दार लावून बसले की बायका म्हैसाळसारख्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढतात. म्हैसाळचं प्रकरण उघडकीला आलं तेच एका बाईचा जीव गेल्यावर.

तिकडे बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आलं की फलक कोणत्या भाषेत हवेत यावरून रान उठतं. मराठीचा हक्क मलाही हवा आहे. पण संमतीच्या फॉर्मवर मराठी हवी म्हणून निघालेला मोर्चा मी अजून पाहिलेला नाही. ज्या कागदावर बाई स्वतःच्या शरीराबद्दल सही करते, तो तिला वाचता आला पाहिजे. सीमाभागातल्या मराठी संघटनांनी हे एक काम हाती घ्यावं, कन्नड मंडळीही त्याला नाही म्हणणार नाहीत.

आणि कॉलेजांनी शिकवण्याचं मनावर घ्यावं. नुसत्या एमबीबीएसला हे काम करता येत नाही. स्त्रीरोग विभागात ठरावीक काळ काम केलेलं असावं लागतं, किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी 25 केसेसना मदत आणि त्यातल्या किमान पाच स्वतः केलेल्या. त्याशिवाय बारा आठवड्यांपर्यंतचीसुद्धा परवानगी नाही; फक्त नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी करायचा असेल, तर देखरेखीखाली केलेल्या दहा केसेस चालतात. म्हणजे विद्यार्थ्यांची गोडी इंटर्नशिपमध्येच मेली, तर खानापूर, रामदुर्ग, सौंदत्तीच्या सरकारी दवाखान्यांत हे करणारं माणूस मिळणार कुठून? प्रत्येक इंटर्नने अशा काही बायकांशी बंद दाराआड, त्यांच्या भाषेत बोलावं. गोळ्यांनंतरची तपासणी करावी, अर्धवट झालेला गर्भपात कसा सांभाळायचा ते हाताने शिकावं. भाचीला मी एवढंच म्हटलं आहे: हे सगळं आधी कर, मग नको वाटलं तर नको म्हण. आणि नको म्हणशील तेव्हा कोणाकडे पाठवायचं ते नाव आणि फोन नंबर टेबलावर तयार ठेव.