देवळात मान डोलावली, साकवावर तोंड उघडलं

आमच्या सिंधुदुर्गातल्या गावी देवळाचा जुना कौलारू सभामंडप पाडून स्लॅबचा बांधायचं ठरलं, त्याला सहा वर्षं झाली. ती बैठक अजून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

चतुर्थीचे दिवस, मुंबईकर गावात, देऊळ भरलेलं. समितीच्या अध्यक्षांनी सुरुवातच केली, "बारा लाखांत होईल." पुढचे दोन तास चर्चा कसली, तर बारा की अकरा की साडेबारा. मुळात मंडप पाडायचा का, हे कोणी विचारलंच नाही. पहिला आकडा म्हणजे ठोकलेली खुंटी. दाव्याला बांधलेल्या गुरासारखं सगळं बोलणं तिच्याभोवतीच फिरतं. कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली हे दाखवून दिलं होतं. त्यांनी तर चक्र फिरवून आकडा काढला होता, प्रश्नाशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी लोकांचे अंदाज त्याच्याकडे ओढले गेले.

मागे खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे सुतार तेवढे बोलले. "खांब फणसाचे आसत. अजून चार पिढ्यो काय होवचा नाय. वासे नि रिपा बदला, शाकारून घेवा." पण ते पडले दुसऱ्या वाडीचे, आणि पालखी आधी कोणाच्या मांडावर यावरून दोन्ही वाड्यांचं जुनं वैर. "त्यांका मोडतोच घालूचो असता," एवढ्यावर विषय मिटला. अख्ख्या देवळात लाकडातलं कळणारा तोच एक माणूस होता.

मग कौल लावला, उजवा झाला, म्हणजे देवाचा होकार आला. देवावर माझी श्रद्धा आहे, कौलाला मी कधीच कमी लेखणार नाही. पण गाऱ्हाण्यात आपण काय घातलं? "नवो मंडप बांधूचो आसा, कौल दी." जुना राखू का, हे विचारलंच नाही. देवापुढेही आपल्याला हवा तोच प्रश्न ठेवला. हा दोष आपला.

रात्री बॅटरीच्या उजेडात आम्ही पाच जण घरी निघालो. साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, एक जण थांबला नि म्हणाला, "माका काय पटला नाय." दुसरा म्हणाला, "माका पण." शेवटी पाचही जण तेच बोललो. मीसुद्धा. "मगे थय बोललंस कित्याक नाय?" याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

जेरी हार्वे या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ साली टेक्ससमधल्या आपल्या घरच्यांची अशीच गोष्ट सांगितली होती. भर उन्हात ८५ किलोमीटरवरच्या अ‍ॅबिलीनला सगळे जेवायला गेले आणि परत आल्यावर कळलं की जायचं कोणालाच नव्हतं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५१ चे प्रयोग मला त्याहून जास्त लागले. डोळ्यांना स्पष्ट दिसणाऱ्या रेषेची लांबीसुद्धा माणसं चारचौघांच्या नादाने चुकीची सांगत होती, साधारण तीनातल्या एका वेळी. पण सोबतचा एक जरी खरं बोलला, तरी चुका एकदम कमी व्हायच्या. एकच माणूस लागतो! सुतार एकटे पडले, कारण साकवावरचं बोलणं आमच्यातल्या कोणी देवळात केलं नाही.

काम सुरू झालं. पाया भरेपर्यंत सहा लाख गेले आणि मग तोंड उघडणाऱ्याला एकच उत्तर, "एवढे घातले, आता मागे कसं फिरायचं?" शेवटी एकोणीस लाख लागले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा आपला मुलूख. तिसऱ्या पावसात स्लॅब गळू लागला, आता त्यावर पत्रे आहेत. काढलेले खांब देवळामागे पडून असतात. परवा एकावरचं शेवाळ नखाने खरवडलं, आत लाकूड पिवळंधमक, कुठे भोक नाही.

कोकणी माणूस भांडखोर, असं सगळे म्हणतात. मला वाटतं आपण भांडतो ते मानावरून आणि बांधावरून. कामाच्या मुद्द्यावर मात्र कोणाचं मन दुखेल म्हणून गप्प बसतो. वाशांवरून भांडलो असतो तर मंडप वाचला असता.

यंदा चतुर्थीला तळीच्या घाटाचा विषय आहे. मी अध्यक्षांना भेटून आलो. आकडा सांगण्याआधी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, हे त्यांनी मानलं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक पद्धतही मी त्यांना सांगितली. काम फसलंय असं आधीच धरून चालायचं आणि का फसलं ते प्रत्येकाने सांगायचं. हेही त्यांना आवडलं. त्यांनी स्वतः शेवटी बोलावं, यावर मात्र "बघूया" म्हणाले.

सुतार आता नाहीत. काल त्यांच्या मुलाकडे गेलो, त्या वाडीत कित्येक वर्षांनी पाऊल टाकलं. तो गवंडीकाम करतो. चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येतंय मी. पण बाबांसारख्या माका मागे बसवू नका."