हीटर थंड फुंकतो म्हणून थर्मोस्टॅट उपटू नका

थंडी पडली की दरवर्षी तोच मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. ‘कारच्या हीटरमधून थंड हवा येते? मेकॅनिक तुम्हाला लुटतो! हे पाच उपाय घरीच करा.’ खाली हात जोडलेली चित्रं आणि ‘जास्तीत जास्त पुढे पाठवा’. यंदा तो आमच्या भाऊजींकडून आला. सोबत त्यांची ओळ होती: ‘सांगतलं मिस्त्रीले, उद्या थर्मोस्टॅट काढून टाक म्हणून.’ फोन करून आधी ते थांबवलं, आता बाकीच्यांसाठी लिहितो.

मेसेज म्हणतो, थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याच्या वाटेतली, तापल्यावर उघडणारी झडप) गरम पाणी अडवतो, ते हीटरपर्यंत पोचत नाही. विदर्भासारख्या गरम भागात त्याची गरजच नाही, काढून फेका. अरे बाप्पा, अडवतो हे खरं, पण कुठं जायचं अडवतो? रेडिएटरकडं, म्हणजे पाणी निववणाऱ्या समोरच्या जाळीकडं. इंजिन थंड असताना ही झडप बंद असते आणि पाणी इंजिन ते हीटर एवढ्याच छोट्या फेऱ्यात फिरतं. बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास ती उघडायला लागते, तेव्हा पाणी समोरच्या जाळीत निवायला जातं. झडपच काढली तर पौषातल्या पहाटे गाडी सुरू केल्याबरोबर पाणी रेडिएटरमध्ये निवायला लागणार. म्हणजे हीटर गरम व्हावा म्हणून सांगितलेला उपाय हीटरच थंड करतो! शिवाय इंजिन सदा कोमट आणि पेट्रोल जास्त. जुन्या जीपा-ॲम्बेसेडरच्या काळात मिस्त्री उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून ठेवत, हे खूळ तिथलंच.

आणि ‘गरम भाग’ म्हणे. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. लिहिणाऱ्यानं धुक्याच्या पहाटे संत्र्याच्या गाडीमागं एकदा काच पुसत-पुसत गाडी चालवून पाहावी.

थर्मोस्टॅट बिघडत नाही असं नाही. उघडाच अडकला की परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हीटर बरा चालतो, उतरताना तापमानाचा काटा खाली पडतो आणि हवा गार येते. मग नवा बसवायचा. त्याची किंमत फार नसते.

यापेक्षा वाईट उपाय पुढं आहे. ‘इंजिन चांगलं तापू द्या, रेडिएटरचं झाकण फडक्यानं उघडा, अडकलेली हवा निघून जाईल, मग बोअरचं पाणी भरा.’ हे लिहिणाऱ्याला खरंच हुडकून काढलं पाहिजे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब. त्या दाबाखाली पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. फडकं काय करणार? भाजलेलं तोंड घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जायचं का? गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल काढा, कुठल्याही कंपनीचं असो, इंजिन गरम असताना हे झाकण उघडू नका असं त्यात ठळक लिहिलेलं असतं. पुष्कळदा खुद्द झाकणावरही छापलेलं असतं. मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा गाडी बनवणाऱ्याचं ऐका.

हवा अडकते, एवढं मात्र मेसेजचं खरं आहे, मान्य. कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं ते औषध घातलेलं पाणी, कमी झालं की हीटरच्या जाळीत (डॅशबोर्डमागं असते ती, गरम पाण्यानं हवा तापवणारी) हवा धरते आणि काटा ठीक असूनही हवा थंड येते. सर्वांत जास्त वेळा हेच निघतं. पण इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडायचं, गाडीचं नाक चढावर ठेवायचं, हीटरची खुंटी पूर्ण गरमवर, मग इंजिन सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं आणि पाणी तापून वर यायच्या आत झाकण लावायचं. त्यानंतरही पातळी पुन्हा उतरत असेल तर गळती शोधा. डाव्या सीटखालची मॅट ओली आणि गोडसर वास आला, तर हीटरची जाळीच फुटली समजा.

आता बोअरचं पाणी. आमचा दर्यापूर-अकोट पट्टा म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा. ज्या पाण्यानं पिकं जळतात ते इंजिनात ओता म्हणतात! भाऊजींच्या गाडीत वर्षभर तेच होतं. बॉनेट उघडलं तर झाकणाच्या कडेला पांढरा खवडा, नखानं काढला तर पापुद्रा निघाला. डॅशबोर्डकडं जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी एक चांगली गरम, दुसरी हाताला गार. म्हणजे पाणी आत जातं, बाहेर येत नाही. जाळी क्षारानं तुंबली. ही नळ्यांची पारख कुणीही करू शकतं, फक्त पंखा-पट्ट्यापासून हात आणि दुपट्टा लांब ठेवा. रस्त्यात अडलात तर बाटलीचं पाणी घाला, कोण नाही म्हणतं. घरी आल्यावर मात्र काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा. काढलेलं कूलंट अंगणात सांडू नका. गोड लागतं म्हणून कुत्री-बकऱ्या चाटतात आणि मरतात.

‘हीटरची गॅस भरून घ्या’: गॅस एसीत असते. पेट्रोल-डिझेल गाडीच्या हीटरला ती लागत नाही.

‘हीटर पेट्रोल खातो’: तो इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरतो, खर्च फक्त पंख्याच्या विजेचा. काचेवरची वाफ जायला सोबत एसी लावला तर थोडं पेट्रोल जातं, ते जाऊ द्या.